छातीतली टिकटिक आणि पुढे ढकललेली तपासणी

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी कोल्हापूरचा, वय 43, उद्यमनगरात लेथवर काम करतो. लहानपणी सांधे सुजून ताप यायचा, त्यातून हृदयाची झडप खराब झाली असं पुढे कळलं. सहा वर्षांपूर्वी सरकारी योजनेतून ऑपरेशन झालं आणि मायट्रलच्या, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेच्या जागी मेटलचा व्हॉल्व्ह बसवला. तेव्हापासून रोज रात्री रक्त पातळ करायची ॲसिट्रॉमची गोळी घेतो. रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आयएनआर 2.8, 3 असा असायचा. दोन महिन्यांपूर्वी दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं, म्हणून मी माझ्या मनानं गोळी अर्धी केली. डॉक्टरांना बोललो नाही. मग इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली तर म्हणाले ग्रेडियंट (व्हॉल्व्हच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक) वाढलाय, पूर्वी 4 होता तो 8 झालाय. आयएनआर 1.9 आला. त्यांनी फ्लुरोस्कोपी आणि घशातून नळी घालून करायचा इको सांगितलाय. त्याला तीन आठवडे झाले, मी गेलेलो नाही. जिना चढताना थोडा दम लागतो, पण तो कामाचा थकवा असेल. बायकोला सांगितलंय की सगळं नॉर्मल आहे. मशीनचा पार्ट झिजला की बदलावा लागतो हे मला कळतं. परत छाती उघडायची वेळ आली तर घर कोण चालवणार? आईनं पालेभाजी बंद केलीय. वर्कशॉपमधला एकजण म्हणतो, आता नवीन गोळ्या आल्यात, त्यांना रक्त तपासायला लागत नाही. त्या घेऊ का? आणि मुलगी नऊ वर्षांची आहे, तिचा घसा सारखा धरतो. तिलाही माझ्यासारखं होईल का?

— एक वाचक

उत्तर

भाऊ, तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी तुम्हाला मेलवर दोन ओळी पाठवल्या होत्या: गोळी अर्धी केलीय हे आजच डॉक्टरांना फोन करून सांगा, आणि उद्या सकाळी जाऊन भेटा. तेच इथे पुन्हा लिहिते आहे, कारण मनानं गोळी कमी करणारे आणि तपासणी पुढे ढकलणारे तुम्ही एकटे नाही. हृदयरोग विभागात परिचारिका म्हणून मी बरीच वर्षं काढली. ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणत आयएनआरच्या टेबलापाशी आलेली कितीतरी माणसं मी पाहिलीत. त्यातली बहुतेक कष्टाळू, घरचा भार वाहणारी. हयगय करणारा माणूस त्यांत क्वचितच असायचा. जो घाबरलेला असतो तोच तपासणी टाळतो.

फोन करताना एक गोष्ट अजिबात लपवू नका: गोळी नेमकी कधीपासून आणि किती अर्धी केली. हे का महत्त्वाचं आहे ते समजून घ्या. पूर्ण गोळी घेऊनही आयएनआर 1.9 वर उतरला असं डॉक्टरांना वाटलं, तर ते गोळी वाढवून देतील. मग ती वाढवलेली गोळी तुम्ही इमानदारीनं घेतलीत तर आयएनआर 5-6 वरही जाऊ शकतो आणि खरा रक्तस्राव तेव्हा होऊ शकतो. डॉक्टर रागावतील, रागावू देत. गोळी किती घ्यायची ते तेच ठरवतील. मी किंवा तुमचा मेडिकलवाला ते ठरवू शकत नाही.

उद्यापर्यंतसुद्धा थांबायचं नाही अशीही काही लक्षणं आहेत. एकदम दम लागला, आडवं झोपता येईना, व्हॉल्व्हचा आवाज दबल्यासारखा किंवा बंद झाल्यासारखा वाटला, तोंड वाकडं झालं, एका हाता-पायातली ताकद गेली, बोलणं अडखळलं, एका डोळ्यासमोर अंधार आला, तर फोनाफोनी करत बसू नका. सरळ 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत पोचा. घरच्यांनाही हे आजच सांगून ठेवा, कारण ती वेळ आली तर फोन तुमच्या हातात नसेल.

आता 1.9 म्हणजे काय ते बघू. मायट्रलच्या जागी धातूचा व्हॉल्व्ह असेल तर आयएनआर साधारण 2.5 ते 3.5 च्या दरम्यान ठेवतात. महाधमनीच्या झडपेच्या जागी असेल आणि दुसरा काही धोका नसेल, तर थोडा कमीही चालतो. तुमचा आकडा डॉक्टरांनी फाइलवर लिहिलेला असेल, तो बघा. मायट्रलमधून रक्त तुलनेनं हळू वाहतं, म्हणून तिथे गुठळी धरण्याची भीती जास्त. बीपीबद्दल सांगतात तसं ‘थोडं कमी-जास्त चालतं’ हे इथे चालत नाही. 2 च्या खाली काढलेले आठवडे म्हणजे परकी वस्तू छातीत आणि तिच्या अंगावर रक्त साकळायला मोकळीक. हे ऐकून भीती वाटेल, वाटू दे. ही भीती खरी आहे आणि तिच्यावर इलाजही आहे.

तुम्ही पार्ट झिजण्याचं लिहिलंत. ती चिंता मात्र मनातून काढून टाका. आजच्या दोन पाकळ्यांच्या व्हॉल्व्हच्या पाकळ्या पायरोलिटिक कार्बन नावाच्या कठीण पदार्थाच्या असतात आणि माणसाच्या आयुष्यात त्या झिजून निकामी होत नाहीत. तुमच्याच भाषेत सांगायचं तर लेथच्या स्लाइडमध्ये चिप, म्हणजे धातूचा कीस अडकला की स्लाइड जड जाते, तेव्हा स्लाइड बदलायची की चिप काढायची हे आधी बघायला लागतं. व्हॉल्व्हच्या बिजागरीपाशी गुठळी बसू शकते. किंवा शिवलेल्या कड्यावरून शरीराचंच घट्ट ऊतक हळूहळू आत सरकून पाकळीची वाट अडवू शकतं, त्याला पॅनस म्हणतात. गुठळी झाली तर ती बहुधा अलीकडे, आयएनआर कमी असताना झालेली असते. पॅनस वाढायला वर्षं लागतात. दोघांवरचे इलाज अगदी वेगळे. इकोवर दोन्हींमुळे ग्रेडियंट वाढलेलाच दिसतो, म्हणून डॉक्टर फक्त त्या आकड्यावर निर्णय घेत नाहीयेत.

आणि 8 हा आकडा व्हॉल्व्हमध्ये काहीही अडथळा नसतानाही येऊ शकतो, हेही लक्षात घ्या. मायट्रलचा ग्रेडियंट नाडीच्या वेगाशी बांधलेला असतो. हृदय जोरात धडधडत असेल तर दोन ठोक्यांमधला वेळ कमी होतो. तेवढंच रक्त कमी वेळात पलीकडे जायचं म्हणजे दाब वाढणारच. इकोच्या दिवशी तुम्ही घाबरून गेला होता का? ताप होता का? हिमोग्लोबिन उतरलंय का? हिरड्यांतून रक्त जात असेल तर तेही बघायला हवं. थायरॉईड वाढलं असलं तरी असं होतं. इकोच्या रिपोर्टवर नाडीचा आकडा लिहिलेला असतो. जुना आणि नवा असे दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून डॉक्टरांना विचारा: तेव्हा नाडी किती होती, आता किती आहे? हा प्रश्न ऐकून कुठलाही चांगला डॉक्टर खूशच होईल.

पण हे वाचून ‘मग काही नसेलच’ असं ठरवू नका. जिना चढताना दम लागतो हे तुम्ही स्वतः लिहिलंय. सहा वर्षं लेथवर उभं राहणाऱ्या माणसाला आत्ताच तो थकवा का जाणवावा?

छातीवरून केलेल्या इकोत काही दिसलं, मग पुन्हा दोन तपासण्या कशाला, असं तुमच्यासारख्या बऱ्याच जणांना वाटतं. कारण साधं आहे. धातू आणि कार्बनमधून ध्वनिलहरी नीट पार होत नाहीत, मागे सावली पडते. छातीच्या बाजूनं बघितलं की ती सावली नेमकी डाव्या कर्णिकेवर, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यावर पडते, आणि मायट्रलवरची गुठळी बहुतेक वेळा तिथेच असते. अन्ननलिका त्या कर्णिकेच्या अगदी पाठीमागून जाते. तिथून बघितलं की सावली दुसरीकडे पडते आणि व्हॉल्व्हची ती बाजू स्वच्छ दिसते. म्हणून घशातून इको.

फ्लुरोस्कोपी तर याहून सोपी. नाव ऐकून लोकांना अँजिओग्राफी आठवते, पण यात ना सुई, ना डाय, ना मांडीतून नळी. कॅथलॅबच्या टेबलावर शर्ट काढून आडवं व्हायचं. क्ष-किरणांचं मशीन तुमच्याभोवती तिरकं-सरळ फिरवत डॉक्टर असा कोन शोधतात की दोन्ही पाकळ्या कडेवरून दिसाव्यात. तो कोन सापडला की पडद्यावर दोन बारीक काळ्या रेघा उघडझाप करताना दिसतात. दोन्ही सारख्या उघडतात का, एखादी अर्ध्यावरच अडते का, हे काही ठोक्यांत कळतं. मी पेशंटना नेहमी सांगायचे, मान वळवून पडद्याकडे बघा. स्वतःच्या छातीतल्या त्या रेघा नीट हलताना पाहिल्या की अनेकांचा चेहरा उजळायचा. काही मिनिटांचं काम असतं आणि त्याच दिवशी घरी जाता येतं.

जाताना व्हॉल्व्हचं कार्ड मात्र न्या. ऑपरेशननंतर फाइलमध्ये एक छोटं कार्ड दिलेलं असतं, त्यावर कंपनी, मॉडेल, साइज आणि क्रमांक असतो. प्रत्येक व्हॉल्व्ह क्ष-किरणांत सारखा दिसत नाही. उदाहरणार्थ, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं तयार केलेला आणि 1990 साली पहिल्यांदा माणसात बसवलेला भारतीय चित्रा व्हॉल्व्ह. तो आपल्याकडे पुष्कळ लोकांच्या छातीत आहे आणि चांगलं काम करतो, पण त्यात पाकळ्यांऐवजी असलेली तबकडी एका खास प्लास्टिकची असल्यामुळे फ्लुरोस्कोपीत दिसत नाही. अशा पेशंटला वेगळी तपासणी लागते. तुमचं मॉडेल डॉक्टरांना माहीत असेलच, तरी कार्ड जवळ असू द्या. त्याचा एक फोटो तुमच्या मोबाइलमध्ये आणि एक वहिनींच्या मोबाइलमध्ये ठेवा. कधी एमआरआय करायची वेळ आली तरी हे कार्ड लागतं. आजचे जवळपास सगळे व्हॉल्व्ह एमआरआयला चालतात, पण तंत्रज्ञ कार्ड बघितल्याशिवाय आत घेत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

घशातल्या इकोबद्दल मात्र मी गोड बोलून वेळ मारून नेणार नाही. ती तपासणी सुखाची नाही, पण सोसवते. आधी सहा तास पोट रिकामं ठेवावं लागतं, चहासुद्धा नाही. रात्रीची गोळी घेऊ की नको असा प्रश्न पडेल. या तपासणीसाठी रक्त पातळ करणारी गोळी सहसा बंद करत नाहीत, आणि तुमचा आयएनआर तर आधीच खाली आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्याशिवाय एकही गोळी चुकवायची नाही. कवळी असेल तर काढायला सांगतात. घशात बधिर करणारा फवारा मारतात, तो कडू लागतो आणि घसा सुजल्यासारखा वाटतो. थुंकी गिळता येत नाहीये असंही वाटतं. गिळता येत असतं, फक्त जाणीव गेलेली असते. मग डाव्या कुशीवर झोपवून दातांमध्ये प्लास्टिकचं कडं देतात, म्हणजे नळी चावली जात नाही. बोटाएवढी नळी घशापाशी आली की ‘गिळा’ म्हणतात. तो एक क्षण अवघड असतो, उबळ येते. एकदा नळी खाली गेली की त्रास बराच कमी होतो. नाकानं संथ श्वास घ्या, लाळ बाहेर वाहू द्या, ती पुसायला सिस्टर असते. पुष्कळ ठिकाणी झोपेचं हलकं औषधही देतात, फार भीती वाटत असेल तर ते आधीच मागून घ्या. त्यात कमीपणा काही नाही. दहा-वीस मिनिटांत काम होतं. नंतर घशाचा बधिरपणा उतरेपर्यंत, म्हणजे तास-दोन तास, खायचं-प्यायचं नाही. पहिला घोट गार पाण्याचा घ्यायचा. गरम चहा घेतलात तर पोळल्याचं कळणार नाही. झोपेचं औषध दिलं असेल तर त्या दिवशी गाडी चालवायची नाही, म्हणजे कुणीतरी सोबत हवंच. कधी घास अडकण्याचा त्रास असेल किंवा अन्ननलिकेचा जुना आजार असेल, तर तो आधी सांगा.

आता तुम्हाला झोप न येऊ देणारा प्रश्न: काही सापडलं तर? गुठळी सापडली की लगेच छाती उघडतात असं नाही. गुठळी लहान असेल आणि तुमची तब्येत स्थिर असेल तर दवाखान्यात ठेवून हेपारिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं इंजेक्शन देतात, आयएनआर पक्का करतात आणि पुन्हा इको करून बघतात. मोठी असेल किंवा पाकळी अडली असेल तर आयसीयूमध्ये सलाईनमधून गुठळी विरघळवणारं औषध कित्येक तास हळूहळू देतात, नाहीतर ऑपरेशन करतात. औषधात रक्तस्रावाचा आणि गुठळीचा तुकडा सुटण्याचा धोका असतो. दुसऱ्यांदा छाती उघडणं पहिल्या वेळेपेक्षा अवघड असतं. कुणाला काय द्यायचं ते गुठळीचा आकार, पेशंटची अवस्था आणि तिथली सोय बघून ठरतं. पॅनस असेल तर तो औषधानं विरघळत नाही. पण तो थोडा असेल आणि त्रास देत नसेल तर दर काही महिन्यांनी इको करून लक्ष ठेवतात. जाणं लांबवल्यानं ऑपरेशन टळतं असं तुमच्या मनात कुठेतरी बसलंय. गुठळीच्या बाबतीत नेमकं उलट आहे. ताजी आणि लहान गुठळी औषधाला दाद देते, जुनी आणि मोठी झाली की बऱ्याचदा हातात ऑपरेशनच उरतं. तुम्हाला ज्याची भीती वाटते, ते हे तीन आठवडे जवळ आणत होते.

पैशांचं बघू. तुमचं पहिलं ऑपरेशन योजनेतून झालंय. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण आता कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंत आहे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातही आहे. तपासणीच्या आधी रेशन कार्ड, आधार कार्ड आणि ऑपरेशनची जुनी कागदपत्रं घेऊन त्याच्याकडे जा. यातलं काय योजनेत बसतं आणि काय नाही, ते त्याच्याकडून स्पष्ट विचारून घ्या. बाहेर पैसे भरून मग विचारायला गेलात तर ते परत मिळत नाहीत.

हिरड्यांकडे वळते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. आयएनआर हद्दीत असताना फक्त हिरड्यांतून रक्त येत असेल, तर दोष बहुधा हिरड्यांचाच असतो. दातांवर कीटण चढलंय, हिरड्या सुजल्यात, ब्रश कडक आहे, आणि गोळीमुळे ते रक्त जास्त दिसतं. मऊ ब्रश घ्या, मिश्री असेल तर सोडा, तंबाखू असेल तर तीही. दंतवैद्याकडे जायचंच आहे, पण व्हॉल्व्हच्या तपासण्या झाल्यावर आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारून. तिथे खुर्चीत बसण्याआधी सांगा की छातीत व्हॉल्व्ह आहे. हिरड्यांशी संबंधित कामाच्या तासभर आधी अँटिबायोटिकचा एक मोठा डोस घ्यावा लागतो. पेनिसिलिनची ॲलर्जी नसेल तर सहसा 2 ग्रॅम अमॉक्सिसिलिन. घाणेरड्या हिरड्यांतून जंतू रक्तात शिरतात आणि व्हॉल्व्हवर घर करतात, तो आजार गुठळीइतकाच वाईट. त्यासाठीच तीन-चार दिवस ताप उतरत नसेल तर कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून अँटिबायोटिक घेऊ नका. आधी रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तात कुठला जंतू आहे ते शोधणारी तपासणी व्हायला हवी. दोन गोळ्या पोटात गेल्या की कल्चरमध्ये जंतू सापडत नाही आणि डॉक्टर अंधारात चाचपडत बसतात.

नवीन गोळ्यांचं उत्तर एका शब्दात: नाही. डॅबिगॅट्रान, अपिक्साबॅन या गोळ्या चांगल्या आहेत, पण तुमच्यासाठी नाहीत. धातूच्या व्हॉल्व्हवर डॅबिगॅट्रानचा अभ्यास झाला, त्यात गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही जास्त दिसले आणि तो थांबवावा लागला. त्याचे निष्कर्ष 2013 साली छापून आले. पुढे एका नव्या प्रकारच्या व्हॉल्व्हवर अपिक्साबॅन वापरून बघितली, तो अभ्यासही 2022 साली थांबवला. वर्कशॉपमधल्या मित्राच्या नात्यात कुणाला त्या गोळ्या चालू असतील तर त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित असतील किंवा पायात गुठळी झाली असेल. त्यांची गोष्ट वेगळी. धातूच्या व्हॉल्व्हला आज तरी ॲसिट्रॉम किंवा वॉरफरिन हीच औषधं. आणि ही दोन्हीसुद्धा एकमेकांच्या जागी चालत नाहीत. त्यांचे डोस वेगळे, अंगात टिकण्याचा वेळ वेगळा. मेडिकलवाला ‘तेच आहे, कंपनी वेगळी’ म्हणाला तर पाकिटावरचं औषधाचं नाव वाचा, मिलिग्रॅम वाचा. 1 च्या जागी 2 ची गोळी आली आणि महिनाभर कुणाच्या लक्षात आलं नाही, अशी माणसं मी नाकातून धार लागलेली पाहिलीत.

आईंना माझा नमस्कार सांगा, आणि सांगा की पालेभाजी बंद करायची नाही. मेथी, पालक, शेपू, अंबाडी, कोथिंबीर यांत व्हिटॅमिन के असतं आणि ते गोळीच्या विरुद्ध काम करतं, हे खरं. पण डॉक्टर गोळी ठरवतात ती तुमच्या नेहमीच्या जेवणावर. आठवड्यात दोनदा भाकरीबरोबर पालेभाजीचा गरगटा खात असाल तर दोनदाच खा, वाटीचं माप तेवढंच ठेवा. घोळ होतो तो कधी महिनाभर बंद आणि मग पाहुण्यांकडे सलग चार दिवस भरपूर, असं केल्यानं. मुळीच न खाणाऱ्याचा आयएनआर तर जरा काही वेगळं पोटात गेलं तरी उड्या मारतो. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची भीती नाही, फक्त मीठ बेतानं. दारू मात्र नकोच. काढे, चूर्ण, कुणी दिलेली मुळी, यांतलं काहीही डॉक्टरांना न विचारता सुरू करायचं नाही.

पालेभाजीपेक्षा मला तुमच्या खांद्याची जास्त काळजी वाटते. दिवसभर लेथवर उभं राहिल्यावर खांदा, कंबर धरते आणि वर्कशॉपमध्ये कुणीतरी गोळी पुढे करतं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या ॲसिट्रॉमबरोबर पोटात रक्तस्राव करू शकतात. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही एक-दोन दिवस. दुखण्यावरचं इंजेक्शन कमरेत घ्यायचं नाही, आत रक्त साकळून मोठी गाठ होते. जुलाबासाठी सर्रास देतात ती मेट्रोनिडाझोल आणि बुरशीसाठीची फ्लुकोनॅझोल आयएनआर झपाट्यानं वाढवतात. असं काही घ्यावंच लागलं तर तीन-चार दिवसांत रक्त तपासायचं. शौचाला डांबरासारखी काळी झाली, लघवी लाल झाली, नाकातलं रक्त दहा मिनिटं दाबूनही थांबेना, तर दवाखाना. कामावर बोट कापलं तर स्वच्छ कापडानं न उचलता दहा मिनिटं दाबून धरा, बहुतेक वेळा थांबतं. डोक्याला मार लागला तर मात्र वरून काही दिसत नसलं तरी त्याच दिवशी दाखवायचं. मोटारसायकलवर हेल्मेट रोज, गल्लीच्या टोकापर्यंत जायचं असलं तरी.

गोळी रोज एकाच वेळी घ्या. विसरलात आणि त्याच रात्री आठवलं तर घ्या; दुसऱ्या दिवशी आठवलं तर दोन एकदम घेऊ नका, वहीत लिहा आणि डॉक्टरांना सांगा. वही एकच ठेवा: तारीख, आयएनआर, गोळी, शेजारी ताप किंवा नवं औषध. शक्यतो एकाच लॅबमध्ये जा. आणि पावसाळ्याआधी घरात निदान पंधरा दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या आणून ठेवा. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेच्या पुरानं हायवे बंद झाला, कोल्हापूर दिवसेंदिवस तुटलं, तेव्हा बीपी-शुगरच्या लोकांची जी ओढाताण झाली ती तुम्हाला आठवत असेल. ॲसिट्रॉमचा असर दोन-तीन दिवसांत उतरतो. पूर ओसरायची वाट तुमचा व्हॉल्व्ह बघणार नाही.

वहिनींना खरं सांगा, भाऊ. आज रात्रीच. शांत खोलीत तुमच्या छातीतली टिकटिक त्या सहा वर्षं ऐकत आलेल्या आहेत, तुमचा दम जिन्यावर वाढलाय हे त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही. कदाचित त्यासुद्धा तुम्हाला त्रास नको म्हणून गप्प असतील. तपासणीला त्यांना घेऊन जा. डॉक्टर पटापट बोलतात, घाबरलेल्या माणसाच्या कानात निम्मं शिरत नाही. शेजारी दुसरे दोन कान असलेले बरे. सुपरवायझरलाही सांगा की दोन दिवस लागतील.

राहिली तुमची लेक. तुमचा आजार रक्तातून मुलीकडे जसाच्या तसा जात नाही. तो सुरू होतो घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूपासून. घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांमध्ये सांध्यांचा ताप येतो आणि शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच झडपांवर उलटते. 5 ते 15 या वयात हे जास्त होतं. एका घरात, दाटीवाटीत तो घसा एकाकडून दुसऱ्याकडे जातो, त्यामुळे तुमची काळजी अनाठायी नाही. सर्दी-खोकल्याबरोबर दुखणारे बहुतेक घसे साध्या व्हायरसचे असतात, त्यांना अँटिबायोटिक लागत नाही. पण सर्दी नसताना घसा एकदम दुखायला लागला, गिळवेना, ताप चढला, गळ्याच्या गाठी दुखायला लागल्या, तर बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि ‘माझी झडप अशीच गेली’ हे आवर्जून सांगा. नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन सुरू झालं तर हृदयापर्यंत जाणारी ती वाट अडवता येते. कोर्स दिला तर दहाही दिवस पुरा करायचा, तिसऱ्या दिवशी बरी दिसली तरी. सांधे सुजले, एकातून दुसऱ्यात फिरायला लागले, हात-पाय आपोआप वेडेवाकडे हलायला लागले, तर त्याच दिवशी. तिच्या हृदयाचा एकदा इको करून घ्यावा का, हेही त्यांना विचारा. आणि तुमच्या डॉक्टरांना तुमच्याबद्दल विचारा: दर एकवीस दिवसांचं पेनिसिलिन तुमचं बंद झालंय की चालू ठेवायचंय? झडप बदलली तरी तो ताप पुन्हा येऊ शकतो, म्हणून बऱ्याच जणांना ते पुढेही लागतं. लागणार असेल तर इंजेक्शन की गोळ्या, हे आयएनआर बघून तेच सांगतील.